मुक्ता साळवेचा निबंध

शाळेचे दार सर्वांना उघडे असावे, असे आज आपण सहज बोलून जातो. मुलगा-मुलगी हा भेद नको, जातीपातीचा अडसर नको, हेही बोलतो. पण श्रोतेहो, दार उघडले, मूल आत गेले, पुढे काय? त्या मुलाला खरोखर शिक्षण मिळाले, हे ओळखायचे कशावरून? या प्रश्नाचे एक जुने उत्तर पुण्यात सापडते. सुमारे चौदा वर्षांच्या एका मुलीने ते लिहून ठेवले आहे.

तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे १८५२ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढली. मुक्ता ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तीन वर्षे शिकल्यावर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांनी छापला.

आता या निबंधाची मांडणी पाहा. मुक्ता आधी धर्माचा प्रश्न घेते. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा, असे तेच म्हणतात. मग ज्यांना धर्माचे पुस्तक पाहायचीही मुभा नाही, त्यांना धर्म तरी कोणता उरला? हे ती थेट देवालाच विचारते. रागाने हात आपटणे नाही की रडणे नाही. समोरच्याचेच म्हणणे उचलायचे आणि ते शेवटपर्यंत नेऊन दाखवायचे, अशी तिची रीत आहे.

मग ती पेशवाईतल्या जाचाकडे वळते. मोठ्या इमारतींच्या पायांत माणसे पुरल्याच्या, तालीमखान्यापुढून जाणाऱ्यांना ठार केल्याच्या हकिगती ती सांगते. आणि त्यातच एक गोष्ट अशी सांगते, की जी बाईच्याच ध्यानात यावी. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसाचा मारा, अशात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल काय होत असतील, हे ती विचारायला लावते. जातीचे दुःख सगळ्या समाजाचे खरे. पण त्यातही बाईच्या वाट्याला अधिक येते, हे या मुलीने १८५५ सालीच नेमके दाखवून दिले.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते. दारिद्र्याच्या आणि दुःखाच्या या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे, असे ती त्यांना कळकळीने सांगते.

इथे फुल्यांच्या शाळेचे मर्म दिसते. मुळाक्षरे आणि हिशेब कुठल्याही शाळेत शिकवता येतात. या शाळेत मुलीला आपले घर, आपली वस्ती, आपल्या आईची वेदना हाही लिहिण्याजोगा विषय वाटला. आपण बोललो तर कोणी ऐकेल, हा भरवसा तिला वाटला. शिकून ती आपल्या माणसांपासून दूर गेली नाही. त्यांची बाजू मांडायला उभी राहिली.

आज कायदा मुलांच्या बाजूला आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. योगायोग असा, की ही हक्काची मर्यादा जिथे संपते, साधारण त्याच वयात मुक्ताने लेखणी हाती घेतली होती.

म्हणून पटावरची नावे मोजून थांबू नये. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीला एकदा म्हणावे, “बाळ, तुझ्या घरचं, तुझ्या वस्तीचं काहीतरी लिही.” आणि तिने लिहिलेले सगळ्या वर्गाला वाचून दाखवावे. शाळा सर्वांची झाली की नाही, हे त्या वहीत कळेल.