खोली बघायला जाल तेव्हा आधी दिवा बंद करा

दसरा होतो, दीक्षाभूमीवरून माणसं परततात, सोयाबीन निघतं. आणि मग मराठवाडा-विदर्भातल्या आपल्या वस्त्यांतून तरुण पोरं, नवी जोडपी मुंबई-पुण्याची गाडी धरतात. कुणाचा मावसभाऊ गोवंडीला असतो, कुणाचा मेव्हणा पिंपरीला. पहिले आठ दिवस त्याच्याकडे काढायचे, मग खोली शोधायची, काम शोधायचं. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं वाटेल. पण शहरात आलेल्या माणसाची तब्येत पुढे कशी राहणार, हे बरंचसं याच दोन शोधांत ठरतं. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हवा आणि उजेड मात्र भाड्यात मोजून घ्यावा लागतो.

ही गोष्ट मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली होती. 1896 साली प्लेग आला आणि गिरणगावातल्या कोंदट खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या त्याच बीआयटी चाळी. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांचं बिऱ्हाड होतं, दादरच्या राजगृहात जाईपर्यंत.

आणि आज? मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती बघा. प्रकल्पांत झोपड्या गेलेल्या माणसांना तिथे पक्की घरं मिळाली, पण दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारीही ऊन पोहोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे अभ्यास केला, तेव्हा या दोन वसाहतींत क्षयाचे रुग्ण असलेली घरं जास्त आढळली. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारती मोकळ्या अंतरावर आहेत, तिथे ती बरीच कमी होती. घर सिमेंटचं आहे एवढ्याने ते निरोगी होत नाही.

म्हणून खोली बघायला दुपारी जा. मालकाने दिवा लावला असेल तर बंद करायला सांगा. दार उघडं ठेवून आत पेपर वाचता येतो का बघा. दाराच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीला खिडकी हवी, आणि ती उघडणारी हवी. शेजारच्याच्या भिंतीला टेकलेली खिडकी ही खिडकी नव्हे. भिंतीला ओल असेल तर चार हात लांब राहा. आतल्या खोलीपेक्षा पोटमाळ्याची वरची खोली पत्र्यामुळे तापते खरी, पण तिला वारा असतो. दोनशे-तीनशे रुपये जास्त पडले तरी हरकत नाही. घरातलं एक माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलं तर किती रोज बुडतात, याचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाला येतो.

आता खरी अडचण. उजेडाची खोली असते तिथे मालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग ‘तुम्ही काय खाता?’ हे कुणाला नवीन नाही. त्यामुळे आपली माणसं आपल्याच वस्तीत, आहे त्या खोलीत आणखी दाटी करतात. दहा बाय दहात सहा पोरं, पाळीपाळीने झोपणारी. यावर पटकन उपाय नाही. पण वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेला जमलेल्यांना विचारलं तर दलालाशिवाय खोली कळते, हा अनुभव आहे. डिपॉझिट दिलं की कागदावर सही घ्या. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. शिकणाऱ्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य शहरातल्या दुकानात घेता येतं. पोटात अन्न नसेल तर खिडकीही पुरेशी पडत नाही.

कामाचंही तसंच. कारखाना, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कुठेही लागा, पण पगाराआधी एक प्रश्न विचारा: ईएसआय कापता का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. बदल्यात सगळ्या कुटुंबाला उपचार मिळतात. क्षयासारखा लांबणारा आजार झाला आणि नोकरीची सलग दोन वर्षं भरली असतील, तर पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पाचशे रुपये जास्त देणारा पण काहीच न कापणारा ठेकेदार आजारपणात ओळखही दाखवत नाही. नाक्यावर उभे राहणाऱ्यांनी वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावं.

दोन आठवडे खोकला राहिला, संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली, वजन उतरू लागलं, तर मेडिकलवाल्याकडून बाटली न आणता जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. निदान झालं तर साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात, आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला 1,000 रुपये बँकेत जमा होतात. खोलीतल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. मालक बाहेर काढेल या भीतीने पुष्कळजण आजार लपवतात, आणि त्यातूनच तो पसरतो. क्षय हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. रुग्णाला खिडकीजवळ झोपवा, सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला रुमाल असू द्या. पण त्याचं भांडं वेगळं मांडू नका. वेगळ्या भांड्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

औषध चालू असताना 14 एप्रिलला किंवा पेरणीला गावी जायचं असेल तर आधी दवाखान्यात सांगा. निक्षयचा नंबर जवळ असला की गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या मिळतात. बरं वाटतंय म्हणून गोळ्या खोलीवरच ठेवून गाडीत बसू नका. मध्येच सोडलेला क्षय साध्या गोळ्यांना मग दाद देईलच असं नाही.