मुदतीचा आकडा कुणी बदलायचा?

दिल्लीत मेट्रोचे काम चालू होते, तेव्हा कामाच्या जागी एक पाटी लावलेली असे. काम पुरे व्हायला किती दिवस उरले, एवढेच तिच्यावर दिसे. आकडा रोज एकाने उतरे. मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी ही उलटी घड्याळे कोकण रेल्वेच्या कामातही वापरली होती. आकडा सर्वांसमोर असल्यामुळे तो गुपचूप वाढवण्याची सोय उरत नसे.

कलकत्त्यात १९७२ साली मेट्रोची पायाभरणी झाली. जेमतेम साडेसोळा किलोमीटरचा तो मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडले. दिल्लीत १९९८ च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले आणि २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली. १० वर्षांचा पहिला टप्पा सुमारे सव्वासात वर्षांत उरकला.

खोडरबर कुणाकडे?

नोएडा-गुरुग्रामच्या कचेऱ्यांत आता अशी पाटी संगणकावर असते. प्रत्येक कामापुढे लागणाऱ्या तासांचा अंदाज लिहिलेला असतो. तो कुणालाही खोडता आला तर? ८ तासांच्या कामाला १४ लागले की करणारा हळूच १४ लिहितो. महिनाअखेरीस सारे वेळेवर! कधी साहेबच गिऱ्हाइकाला खूश करायला १४ चे ८ करतात, आणि रात्र जागून काढावी लागते हाताखालच्या माणसाला. दोन्हीकडे खरी चूक झाकली जाते आणि पुढचा अंदाजही फसतो.

म्हणून जाणकार सांगतात, अंदाज काम करणाऱ्याला विचारून ठरवावा. एकदा ठरला की बदलण्याचा अधिकार एक-दोघांकडेच असावा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या प्रणालीत मूळ वेळापत्रक ‘बेसलाइन’ म्हणून वेगळे जपता येते. नवा आकडा त्याच्या शेजारी, कारणासह लिहावा.

कुलूप हवे, किल्लीही हवी

कोकण रेल्वे पाच वर्षांत पुरी व्हायची होती. पण गोव्यात पेडण्यासारख्या ठिकाणी बोगद्यांची मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मुदत वाढली खरी, पण कारण साऱ्यांना दिसत होते. अशा वेळी जुन्याच तारखेचा हट्ट धरणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ.

किल्ली ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळून सहा जण दगावले. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

घरात रंगकाम किंवा सुतारकाम काढताना हेच करून पाहावे. कारागिराने स्वतः सांगितलेली तारीख त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहावी. ती चुकली तर खोडू नये. नवी तारीख आणि उशिराचे कारण खाली लिहावे. पुढच्या दिवाळीआधी काम केव्हा काढायचे, हे त्याच पानावरून कळेल.