वैतरणीच्या अलीकडे काय ठेवावे

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून पालघर जिल्ह्यातून अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळणारी वैतरणा आपल्या नावानेच वैतरणीची आठवण करून देते. गरुडपुराणातली ती नदी मृताला ओलांडावी लागते, आणि तिच्या उतारासाठी गाय दान द्यावी असे सांगितले आहे. या विधीतली एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. गाय पलीकडे जात नाही. ती याच तीरावर कुणाच्या तरी गोठ्यात दूध देत राहते. जाणाऱ्याचा प्रवास वेगळा आणि त्याच्या नावाने दिलेली वस्तू जिवंत माणसांच्या हाती, अशी ही जुनी वाटणी आहे. आठवणीच्या वस्तू, केसांची बट, अंगठी, चिमूटभर अस्थी पैसे घेऊन अवकाशात पाठवण्याचा जो व्यवसाय गेल्या पाव शतकात उभा राहिला, त्याने ही वाटणी मोडली. अवकाशात जायचेच असेल तर प्रत जावी, मूळ वस्तू इथेच राहावी, असे मला वाटते.

या व्यवसायात विकली जाते ती मुख्यतः चिरंतनता, आणि तिचा आजवरचा हिशेब तपासण्याजोगा आहे. सेलेस्टिस या अमेरिकन कंपनीने २१ एप्रिल १९९७ रोजी चोवीस जणांच्या अस्थींचे अंश पहिल्यांदा कक्षेत पाठवले. त्यांत ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी होते. पाच वर्षांनी, मे २००२ मध्ये, ते सारे वातावरणात शिरून जळाले. ८ जानेवारी २०२४ रोजी ॲस्ट्रोबॉटिक कंपनीचे पेरेग्रिन यान चंद्राकडे निघाले. त्यात डीएचएलच्या ‘मूनबॉक्स’ योजनेतल्या, लोकांनी पैसे भरून पाठवलेल्या छोट्या आठवणी होत्या आणि अस्थींच्या कुप्याही. उड्डाणानंतर काही तासांतच, एक झडप नीट बंद न झाल्याने, इंधनाची गळती सुरू झाली, चंद्रावर उतरण्याची आशा संपली, आणि १८ जानेवारीला ते यान दक्षिण प्रशांत महासागरावर जळून गेले. त्याच रॉकेटच्या वरच्या टप्प्यावरून गेलेल्या दुसऱ्या कुप्या मात्र सूर्याभोवतीच्या कक्षेत पोहोचल्या, हेही सांगायला हवे. म्हणजे काहींना दीर्घ आयुष्य मिळते. पण कुणाला मिळेल हे झडप नीट बंद होते की नाही यावर ठरते, आणि आजीची एकुलती एक बांगडी अशा झडपेच्या भरवशावर सोडणे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आपण अस्थी नदीत सोडतोच, मग आकाशात सोडल्या तर बिघडले कुठे? विसर्जनात वस्तू टिकेल असे कुणी सांगत नाही. सोडणे हाच तिथला अर्थ आहे, आणि घरची माणसे पाण्यात उभी राहून तो आपल्या हातांनी पुरा करतात. अवकाशाच्या जाहिरातीत नेमके उलटे वचन असते. दुसरा आक्षेप अधिक जोरकस: वस्तू माझी, पैसे माझे, इतरांचा संबंध काय? याचे उत्तर पश्चिम रेल्वेच्या खाडीपुलांवर रोज मिळते. धावत्या गाडीतून पुलाखाली भिरकावलेले निर्माल्य हातातून सुटेपर्यंतच फेकणाऱ्याचे असते. त्यानंतर ते खाडीचे, होडीत बसलेल्या माणसाचे, खाडीतल्या बेटावर राहणाऱ्यांचे होते. कधी कुणाच्या डोक्यालाही लागते. चंद्राचेही तसेच. पेरेग्रिन निघण्याआधी अमेरिकेतल्या मूळनिवासी नवाहो राष्ट्राचे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी आपल्या लोकांना पवित्र असलेल्या चंद्रावर मानवी अवशेष नेण्याला जाहीर हरकत घेतली होती. १९९८ मध्ये भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांच्या अस्थी लूनर प्रॉस्पेक्टर यानावरून चंद्राकडे गेल्या तेव्हाही नवाहो राष्ट्राने विरोध केला होता. श्रद्धा पटो न पटो, ज्या चंद्राकडे पाहून आपण संकष्टी सोडतो आणि कोजागरीचे दूध आटवतो, त्याच्यावर काय ठेवायचे हे एखाद्या कंपनीच्या दरपत्रकाने ठरावे, हे आपल्यालाही रुचणार नाही.

टिकण्याचे खरे उदाहरण आपल्याच घरातले आहे. गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही चीज १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. त्याच तबकडीतल्या ५५ भाषांच्या अभिवादनांत मराठीही आहे. व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला सुटले, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. २०१२ मध्ये ते यान आंतरतारकीय अवकाशात पोहोचले. पण भैरवी इथून गेली नाही. ती ध्वनिमुद्रिकेत राहिली आणि जयपूर-अत्रौली गायकीच्या गळ्यांत राहिली. उद्या यान नष्ट झाले तरी काही बुडत नाही. वैतरणेच्या खोऱ्यातल्या वारली घरांत लग्नाचा देवचौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. ते चित्र टिकावे म्हणून काढलेलेच नसते. पुढच्या लग्नात पुन्हा हात चालतात, आणि चौक उरतो तो त्या हातांमुळे. ज्या समाजाला हे ठाऊक आहे, त्याला टायटॅनियमच्या डबीतल्या अमरत्वाची भुरळ पडायचे कारण नाही.

तिसरे म्हणणे असे की प्रत पाठवण्यात ती ओढ, तो त्याग उरत नाही. मला ते अर्धेच पटते. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी पीएसएलव्ही-सी५१ वरून गेलेल्या सतीश धवन उपग्रहात सुमारे पंचवीस हजार नावे आणि भगवद्गीतेची अंकीय प्रत होती. आपले नाव वर गेल्याचा आनंद त्या लोकांना झालाच असेल, आणि घरातली एकही वस्तू त्यासाठी कमी झाली नाही. आता खासगी मोहिमांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आपल्याकडे आहे, आणि १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी यानांची जबाबदारीही अखेर सरकारवरच येते. तेव्हा परवान्याच्या अर्जात तीन साधे रकाने हवेत: आत काय आहे, ते किती काळ टिकण्याची शक्यता आहे, आणि जिथे ते उतरणार तिथे मानवी अवशेष सोडले जाणार आहेत का. दुसऱ्या रकान्यातला आकडा ग्राहकाच्या पावतीवरही छापावा, पैसे घेण्याआधी.