अण्णांच्या उशाशी

ऑक्सिमीटरवर ८३ दिसतंय. आई माझ्याकडे बघते, मी सिस्टरकडे. या एप्रिलमध्ये हा आकडा ज्याला कळत नाही असा माणूस पुणे-पिंपरीत शोधून सापडणार नाही. ९४च्या खाली गेलं की डॉक्टरला फोन, ९०च्या खाली गेलं की बेडसाठी धावाधाव, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. सिस्टर अण्णांच्या बोटाचा ऑक्सिमीटर काढते, बंद करते आणि माझ्या हातात देते.

"ताई, हा कपाटात ठेवून द्या. आता याच्याकडे बघायचं नाही, काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं. कपाळाला आठ्या पडल्या, नाकपुड्या फुलायला लागल्या, हात चादर ओढायला लागला, तर त्रास होतोय असं समजा आणि मला फोन करा. चेहरा सैल असेल तर आकडा काही का असेना, काकांना त्रास नाही."

आज २७ एप्रिल २०२१, मंगळवार, हनुमान जयंती. कासारवाडीतल्या मारुतीच्या देवळाला कुलूप आहे. पहाटे कीर्तन झालं नाही, पाळणा झाला नाही. शेजारच्या काकूंनी सुंठवड्याची पुडी दाराच्या कडीला अडकवली, बेल वाजवली आणि त्या लगेच मागे सरकल्या. आत यायला त्या घाबरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरात दोन लहान मुलं आहेत. अण्णांना कोविड नाही, परवाचा आरटी-पीसीआर निगेटिव्ह आलाय. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तो मणक्यात आणि यकृतात पसरलाय, आणि फेब्रुवारीत केमो थांबवलीय. पण भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला खोकला तो खोकलाच.

सिस्टरच्या अंगावर निळा गाऊन, तोंडावर दोन मास्क, वर फेसशील्ड. गाऊनवर छातीशी तिने स्वतःचा हसरा फोटो चिकटवलाय, म्हणजे काकांना कळावं की आत कोण आहे. अण्णा शुद्धीवर होते तेव्हा त्या फोटोकडे बघूनच तिच्याशी बोलायचे. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात आला त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून त्याची घरघर ऐकली आणि म्हणाले, "याची जाळी तुंबलीय, काढून धू." मी काढली. धुळीने खरंच काळी झाली होती.

ही घरी येणारी सिस्टर, संध्याकाळी व्हिडिओवर भेटणाऱ्या डॉक्टर मॅडम, हे पॅलिएटिव्ह केअरचं पथक. हे काम आपल्याकडे नवं नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं केंद्र आहे. तरी केमोच्या रांगेत इतके महिने काढून आमच्या कानावर हा शब्द पडला नव्हता. रांगेतल्याच एका पेशंटच्या मुलीने तो सांगितला. 'आता काही करण्यासारखं नाही, घरी घेऊन जा' असं ज्याला सांगितलं जातं त्याच्यासाठी करण्यासारखं किती असतं, ते मी या खोलीत शिकतेय.

टेबल फॅन अण्णांच्या उजव्या गालावर सोडलाय. गालाला, नाकाला गार वारा लागला की दम कोंडल्याची भावना कमी होते. मॉर्फीन दुखण्यासाठी आहे तसंच धापेसाठीही आहे. अण्णा गिळू शकत होते तोवर १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्रीही गजर लावून, आणि तिच्या जोडीला पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फीनने मलावरोध होतोच. पहिल्या गोळीनंतर तासाभराने अण्णा पाठ टेकून झोपले. त्याआधी ते पलंगाच्या काठावर बसून, पुढ्यातल्या उशीवर डोकं टेकवून रात्री काढत होते.

गावाकडच्या चुलत्यांनी फोनवर विचारलं होतं, "अफूचं औषध ना ते? सवय लागेल." मॅडमनी समजावलं, की दुखण्याच्या मापाने आणि डॉक्टरच्या नजरेखाली दिलं तर व्यसनाची भीती नाही, आणि ते दिल्याने माणूस लवकर जात नाही. खरी अडचण ते मिळण्याची आहे. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर दुकानांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. २०१४ला कायदा सैल झाला तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते आजही मिळत नाही. त्यात २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यांत या कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई आहे. म्हणजे बाकी सगळं व्हिडिओवर, पण मॉर्फीनसाठी फाइल घेऊन मीच जायचं. नाशिक फाट्यावर नाकाबंदी. हवालदार फाइल उघडतो, कॅन्सर हा शब्द वाचतो आणि काही न बोलता बॅरिकेड बाजूला करतो. मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफू पिकते, तिचं औषध होतं, आणि इथला माणूस कळवळत जातो. हे मला सहन होत नाही.

काल दुपारपासून गिळणं बंद झालं. म्हणून सिस्टर आज कातडीखाली बारीक सुई बसवतेय. कॉलरच्या हाडाखाली, जिथे थोडं मांस उरलंय तिथे. वर पारदर्शक पट्टी. सुईच्या नळीला तोंड आहे, तिथून मी औषध सोडायचं. चार सिरिंजा भरून ती प्रत्येकीवर पांढरी पट्टी लावते आणि पेनने लिहिते: रात्री १०, रात्री २, सकाळी ६. चौथीवर नुसतं 'घुरघुर'. घशात स्राव साठून आवाज यायला लागला तर ती.

"हळू सोडायचं, ताई. मनात वीसपर्यंत मोजत."

माझा हात थरथरतो. ती माझ्या हातावर ग्लोव्हजचा हात ठेवते आणि आत्ताचा डोस आम्ही दोघी मिळून सोडतो.

जाताना ती जेवणाच्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवायला सांगते. आत आधार कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आरटी-पीसीआर. "ऐनवेळी शोधाशोध नको." ती जे बोलत नाही ते आईला कळतं. आईच उठून कागद लावायला घेते.

त्या कागदांत एसटीच्या जुन्या डायरीतलं एक पान आहे. गेल्या दिवाळीत अण्णांनी लिहिलेलं, खाली सही आणि तारीख. "मला शेवटी दवाखान्यात नेऊ नये. नळ्या घालू नयेत. दुखू देऊ नये. घरी ठेवावे." सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागते. अण्णांच्या पानावर ती नाही. दम लागलेला माणूस, त्यात लॉकडाऊन, कोर्टात नेणार कोण? मॅडमनी मात्र ते पान वाचलं, अण्णा बोलत होते तेव्हा त्यांनाच पुन्हा विचारलं, आणि केसपेपरवर उतरवून घेतलं. ते पान नसतं तर आज मी ८३ बघून अँब्युलन्स बोलावली असती. बेड मिळाला असता की नाही देव जाणे. मिळाला असता तर काचेपलीकडे, आणि आम्ही रस्त्यावर.

संध्याकाळी सात. मॅडम व्हिडिओवर आहेत. मी त्यांना खालच्या मजल्यावरचं सांगते. तिथल्या मुलाला कोविड आहे, ऑक्सिजन ८६, महापालिकेच्या हेल्पलाइनवर नाव दिलंय, बेड नाही. भाड्याने मशीन शहरात कुठेच मिळत नाही. गेल्या बुधवारी नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळला आणि वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून तर लोक छोटा सिलिंडरही हातचा सोडत नाहीत. त्याची बायको जिन्यात उभी राहून विचारून गेलीय. मागितलं नाही तिने. एवढंच विचारलं, "काकांचं मशीन रात्रभर लागतं का?"

मॅडम थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "कुणासाठी म्हणून नाही, अण्णांपुरतंच बघू. ते आता शुद्धीवर नाहीत. अशा वेळी बहुतेकांना मशीनचा उपयोग होत नाही. पंखा चालू ठेवा, मशीन पंधरा मिनिटं बंद करा, आणि चेहरा बघा. कपाळ आक्रसलं तर लगेच चालू करा, मग खाली काहीही असो."

मी बटण दाबते. घरघर थांबते. आई अण्णांच्या कपाळाशी तोंड नेऊन बसते. पाच मिनिटं. दहा. कपाळ तसंच सपाट. श्वास उथळ, पण ओढ नाही. पंधरा मिनिटं होतात तशी आई मान वर करते.

"ने खाली," ती म्हणते. "आणि सांग, जाळी धुतलेली आहे."

दादा नागपुरात अडकलाय. ई-पास मंजूर झाला त्याच दिवशी वहिनी पॉझिटिव्ह आली, आणि तो घरातच विलगीकरणात. रात्री मी फोन अण्णांच्या कानाशी धरते. ऐकू शेवटपर्यंत येतं, सिस्टरने सांगितलंय. दादा आधी नुसता रडतो. मग त्याला काय सुचतं कुणास ठाऊक, तो खंडेनवमीचं सांगायला लागतो. वर्कशॉपमध्ये पान्यांना झेंडूची फुलं वाहिलेली, अण्णांनी त्याला खांद्यावर घेऊन उघडं इंजिन दाखवलेलं, त्याच्या नव्या सदऱ्याला ग्रीस लागलं म्हणून आई चिडलेली. बराच वेळ तो तेच सांगतो. अण्णांचा चेहरा हलत नाही. मी फोन काढत नाही.

दोनची सिरिंज मी एकटी सोडते. मनात वीसपर्यंत मोजते. तीनच्या सुमारास घशात घुरघुर सुरू होते, त्या आवाजाने आईच्या अंगावर काटा येतो. ऐकणाऱ्याला जितकं भयंकर वाटतं तितकं त्यांना होत नसतं, हे मला सांगून ठेवलंय, मी ते आईला सांगते. आम्ही दोघी मिळून अण्णांना डाव्या कुशीवर वळवतो, पाठीला उशी लावतो, मी चौथी सिरिंज देते. हळूहळू आवाज मंदावतो.

आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू फोडलाय. तुळशीपत्र घातलंय. पण तोंडात पाणी सोडायचं नाही, ठसका लागेल, असं सिस्टर बजावून गेलीय. आई वाटीत हात घालून थांबते. मग तीच वाट काढते. गॉजचा तुकडा गंगेच्या पाण्यात बुडवते, पिळते, आणि अण्णांचे सुकलेले ओठ, हिरड्या, जिभेचं टोक ओलं करते. दर थोड्या वेळाने. मध्येच त्यांच्या कानाशी वाकून म्हणते, "मी आहे हं. पोरांचं सगळं नीट आहे. तुम्ही काळजी करू नका."

श्वासांमधली अंतरं वाढतात. एक येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. पाचच्या पुढे कधीतरी पुढचा येत नाही. आम्ही वाट बघतो. अण्णांचं कपाळ सपाट आहे. आई त्यांचे डोळे मिटते आणि पंखा बंद करायला मला खुणावते.

सहाची सिरिंज टेबलावर भरलेली तशीच आहे. ती परत द्यायची, सिस्टर हिशोब ठेवते.

सकाळी फॅमिली डॉक्टर पीपीई घालून येतात, तपासतात, आणि टेबलावरची पिशवी उघडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहितात, घरी मृत्यू आलेल्या माणसासाठी असतो तो, नमुना ४-अ. कारण: फुप्फुसाचा कर्करोग. आरटी-पीसीआर सोबत जोडतात. तेवढ्या एका कागदामुळे आई अण्णांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालू शकते, धोतर नेसवू शकते. याच महिन्यात या शहरात कितीतरी घरांना आपलं माणूस बंद पिशवीत, लांबून बघायला मिळालंय. शववाहिकेला वेळ आहे, स्मशानात रांग आहे, वीसच माणसांची परवानगी आहे. आम्ही वीसही नाही. खालच्या मुलाला पहाटे बेड मिळाला, असं त्याची बायको जिन्यातून सांगते.

हे सगळं घडलं त्यानंतर, २४ जानेवारी २०२३ला, सुप्रीम कोर्टाने इच्छापत्राचे नियम सोपे केले. आता न्यायदंडाधिकारी लागत नाही. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही पुरते. तुमच्या घरात आजारी आई-वडील असतील आणि अजून बोलत असतील, तर शेवट कुठे आणि कसा हवा ते त्यांनाच विचारा आणि कागदावर घ्या. डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणाले तर त्या खोलीतून उठायच्या आधी विचारा, की पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल आणि मॉर्फीन कोण लिहून देईल.