रस्त्यावर आलेलें विणकाम

ज्या घरांत लोकरीचा गोळा व दोन सुया नाहींत असें घर आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. बाळंतपण जवळ आलें कीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया बाळंतविडा करावयास बसतात. टोपडें, मोजे, झबलें, लहानशी शाल, यांपैकीं कांहीं ना कांहीं विणून होतें, आणि हौस असल्यास क्रोशाच्या सुईनें एखादें तोरणही. या विणकामाच्या मागें एक ठरलेलें माणूस असतें. कोणाच्या तरी डोक्याचा अंदाज घेतल्यावांचून टोपी विणली जात नाहीं. म्हणूनच परदेशांतील शहरांत दिव्याच्या खांबांस, बांकांस व पुलाच्या कठड्यांस लोकरीचीं वस्त्रें चढविण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तिचीं छायाचित्रें आम्हीं आमच्या घरांतील वयोवृद्ध आत्याबाईंस दाखविलीं, तेव्हां त्यांनीं चष्मा सांवरून पहिला प्रश्न विचारला तो असा : "आणि पुढें त्या लोकरीचें काय करतात रे?"

प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं या प्रकाराची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे.

अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ह्यूस्टन शहरीं २००५ सालीं मॅग्डा सायेग नांवाच्या बाईंनीं आपल्या दुकानाच्या दाराची पोलादी मूठ एका विणलेल्या पट्टीनें मढविली. थंडगार धातूस कांहीं ऊब यावी, एवढाच हेतु. जाणारे-येणारे थबकून तिची विचारपूस करूं लागले, तेव्हां बाईंनीं रस्त्यावरील 'थांबा' या पाटीच्या खांबास मोजा चढविला. लोक मोटारींतून उतरून तो पाहूं लागले. लवकरच त्यांच्याभोंवतीं एक मंडळ जमलें, आणि २००८ सालीं मेक्सिको शहरांत एक आख्खी बस मढविण्यापर्यंत मजल गेली. या प्रकारास 'यार्न बॉम्बिंग' असें नांव पडलें. लंडनच्या लॉरेन ओफॅरेल यांस मात्र त्यांतील बॉम्ब रुचला नाहीं. त्यांनीं 'यार्नस्टॉर्मिंग', म्हणजे लोकरीचें वादळ, असा सौम्य पर्याय काढला. स्कॉटलंडांतील एका मंडळांत तर २०१५ सालीं १०४ वर्षांच्या एक आजीबाई होत्या! त्यांचें विणकाम गांवच्या रस्त्यांवर झळकलें, हें ऐकून आमच्या आत्याबाई क्षणभर गप्प झाल्या.

कामाची रीत अशी. खांबाचा घेर दोरीनें मोजावयाचा आणि घरीं बसून पट्टी विणावयाची. ती घेरापेक्षां किंचित् आंखूडच ठेवावी लागते. कारण विणलेलें कापड ताणतें, आणि सैल पट्टी पहिल्याच पावसांत भिजून जड झाली कीं खांबाच्या पायथ्याशीं गोळा होऊन बसते. मग जागेवर जाऊन ती गुंडाळावयाची व दोन्ही कडा एकमेकींस शिवून टाकावयाच्या. ज्यांनीं पायमोजा विणला आहे त्यांस यांत नवीन कांहीं नाहीं. नवीन आहे तें कोणास न विचारतां करणें.

या न विचारण्याची एक गंमतीची पण अर्थपूर्ण कथा न्यूयॉर्क येथें घडली. तेथें आर्तुरो दि मोदिका या शिल्पकारानें स्वतःच्या खर्चानें घडविलेला सुमारें ३२०० किलोग्रॅम वजनाचा कांशाचा बैल डिसेंबर १९८९ मध्यें रातोरात शेअरबाजारासमोर आणून उभा केला. परवानगी कोणाचीही नव्हती. तो उचलून नेण्यांत आला. लोकांनीं ओरड केली. शेवटीं जवळच बोलिंग ग्रीन येथें त्यास जागा मिळाली. पुढें डिसेंबर २०१० मध्यें ओलेक या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, पोलंडांत जन्मलेल्या कलावतीनें त्याच बैलास क्रोशानें विणलेला गुलाबी-जांभळा अंगरखा शिंगांपासून शेपटीपर्यंत चढविला. न विचारतां बैल आणणाऱ्या शिल्पकारास हा आपला नमस्कार आहे, असें तिचें म्हणणें. तो नमस्कार अवघ्या कांहीं तासांत उतरविला गेला. पोळ्याच्या दिवशीं आपल्याकडेही बैलास झूल घालतात. पण ती धनी घालतो. शहराच्या चौकांतील बैलाचा धनी कोण, हें मात्र कोणास निश्चित सांगतां येत नाहीं, आणि लोकरीनें नेमकें तेंच विचारलें होतें.

एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. सार्वजनिक वस्तूस परवानगीवांचून कांहीं लावणें बहुतेक शहरांत नियमाबाहेरच आहे. तथापि रंगाचा डबा घेऊन भिंतीपाशीं गेलेल्या पोरास पोलीस पकडतात, आणि खांबास लोकर गुंडाळणाऱ्या बाईकडे पाहून हंसतात. रंग खरवडावा लागतो व लोकर कात्रीनें निघते, हा फरक आम्हांस मान्य आहे. परंतु या हंसण्यांत 'बायकांचें रिकामपणचें काम' हा जुना शेरा दडलेला असतो, आणि म्हणून ही सवलत आम्हांस सन्मानाची वाटत नाहीं.

तो शेरा खोटा पाडणारें काम डेन्मार्कमध्यें झालें. २००३ सालीं सुरू झालेल्या इराकच्या युद्धांत तो देश अमेरिका व ब्रिटन यांच्याबरोबर उतरला होता. मारियान योर्गेन्सेन या कलावतीनें त्याचा निषेध करावयाचें ठरविलें, आणि त्यासाठीं गुलाबी लोकरीचे विणलेले चौकोन मागविले; प्रत्येक चौकोन १५ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद. डेन्मार्क, ब्रिटन, अमेरिका व इतर देशांतून ४००० हून अधिक चौकोन आले. कोणाचा टाका घट्ट, कोणाचा ढिला. गुलाबी रंगाच्याही शंभर छटा. ते सारे जोडून एप्रिल २००६ मध्यें कोपनहेगन शहरांतील एका कलामंदिरासमोर दुसऱ्या महायुद्धांतील एक रणगाडा पुरता झांकण्यांत आला. तोफेची नळीसुद्धां सुटली नाहीं. ज्या लोकरीनें बाळाचें टोपडें होतें, त्या लोकरीखालीं तें यंत्र एकाएकीं लुळें व कांहींसें लाजिरवाणें दिसूं लागलें. येथें हंसणाऱ्याचें हंसें फार वेळ टिकत नाहीं. विशेष म्हणजे ज्या देशांचीं सैन्यें लढत होतीं, त्याच देशांतील घराघरांतून हे चौकोन विणून आले होते. भाषणें करणारा एकटा बोलतो. येथें प्रत्येक टाक्यामागें कोणीतरी आपली एक संध्याकाळ दिली होती.

याला आधार जुना होता. इंग्लंडमध्यें ग्रीनहॅम कॉमन येथील लष्करी तळावर अण्वस्त्रें आणूं नयेत म्हणून स्त्रियांनीं १९८१ पासून ठाण मांडलें होतें. डिसेंबर १९८२ मध्यें सुमारें ३०,००० स्त्रियांनीं हातांत हात घालून त्या तळास वेढा दिला, आणि कुंपणाच्या तारांस तान्ह्या मुलांचे कपडे, घरच्यांचीं छायाचित्रें व लोकरीचीं जाळीं अडकविलीं. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर बाळंतविडाच तेथें टांगला गेला.

असो. या चालीस दोषही आहेत, आणि ते झांकून ठेवणें बरें नव्हे. हल्लीं बहुतेक ठिकाणीं वापरतात ती लोकर मेंढीची नसून कृत्रिम धाग्याची असते. ती कुजत नाहीं, नुसती मळते, आणि तिचे तंतू पावसाबरोबर गटारांत जातात. झाडास गुंडाळलेली लोकर तर आम्हांस मुळींच पसंत नाहीं. झाडाची साल हें त्याचें वस्त्रच आहे, आणि त्यावर ओलें पांघरूण महिनोन् महिने ठेवण्यांत शोभा ती कसली? शिवाय माल खपविणाऱ्या कंपन्यांनीं मोटारी व दुकानें विणकामानें मढवून घेण्यास आरंभ केल्यापासून पुष्कळ ठिकाणीं त्यांतील प्रश्न गेला व नुसता रंग उरला.

आतां आत्याबाईंचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणीं त्याचें उत्तर 'कांहीं नाहीं' असेंच द्यावें लागतें, आणि इतक्या लोकरींत किती मुलांचे स्वेटर झाले असते हा हिशेब मांडणाऱ्या गृहिणीस आम्ही चूक म्हणणार नाहीं. परंतु अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें २०१३ सालीं अँडी वॉरहॉल पूल विणकामानें सजविण्यांत आला, तेव्हां ही गोष्ट आधींच ठरली होती. तेथें परवानगी रीतसर घेतली होती. १८०० हून अधिक माणसांनीं मिळून पांघरुणाएवढे ५८० पट्टे तयार केले, आणि ऑगस्टपासून सुमारें चार आठवडे ते पुलाच्या कठड्यांवर झळकले. त्यांत रणगाड्याचा तिखटपणा नाहीं, हें आम्ही कबूल करतों. मुदत संपल्यावर पट्टे उतरवून धुण्यांत आले, आणि निराश्रितांचीं वसतिगृहें, वृद्धांचीं शुश्रूषागृहें व जनावरांचे निवारे अशा ठिकाणीं पांघरण्यास वाटून देण्यांत आले.

हें आम्हीं वाचून दाखविलें. आत्याबाईंनीं मान हलविली, हातांतील सुई बाजूस ठेविली, आणि ते धुतांना पाणी कढत तर नव्हतें ना, म्हणून विचारलें.