मेहकरचा शारंगधर : जमिनीखाली आणि जमिनीवर

पैनगंगेच्या काठच्या मेहकरात 1888 साली खोदकाम करताना काळ्या पाषाणातली सुमारे 11 फूट उंचीची विष्णुमूर्ती निघाली. तीच आजचा शारंगधर बालाजी. मूर्तीची घडण मध्ययुगातली, वऱ्हाडात हेमाडपंती देवळे उभी राहत होती त्या काळाची. म्हणजे तिचा मोठा काळ मातीखालीच गेला, आणि तेवढ्या अवधीत वर गावाने कितीतरी मालक पाहिले.

बहामनी अमलात इथले मोमीन विणकर चांगले सधन होते. त्यांनी गावाच्या तटबंदीला हात घातला. मोमिनांच्या वेशीवरचा लेख 1488 चा आहे. अकबराच्या काळी, आईन-इ-अकबरीत, मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले दिसते. 1769 मध्ये जानोजी भोसल्यांवर चालून निघालेल्या माधवराव पेशव्यांचा तळ इथे पडला, सोबत निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला. पुढे 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध नागपूरकडे जाताना इंग्रजांचा जनरल डव्हटनही इथेच थांबला. या सगळ्या फौजांच्या पायाखाली देव निजलेला होता. अशी मूर्ती सहज मातीत जात नाही. संकट दिसताच ती जपून पुरली गेली असणार, असे मला वाटते. नुसती पडझड झाली असती तर एवढ्या उंच मूर्तीचे हात, आयुधे, नाक शाबूत राहणे कठीण.

देवघरातली वस्तू बाहेर जाऊन पुन्हा परतणे आपल्याकडेच घडले असेही नाही. 1640च्या दशकात इंग्लंडच्या पार्लमेंटने चर्चमधली बाप्तिस्म्याची दगडी कुंडे वापरायला बंदी घातली. बरीच कुंडे बाहेर फेकली गेली आणि कित्येकांत शेतकऱ्यांनी गुरांना पाणी पाजले. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती शोधून, घासूनपुसून परत चर्चमध्ये मांडली. मेहकरच्या देवाची तेवढी विटंबना झाली नाही, पण वर येण्याचे शतक तेच.

मूर्ती निघाल्यावर काय झाले, याची गावातली हकिकत अशी : मूर्ती लाकडी पेटीत होती, सोबत ताम्रपट होते. ताम्रपट इंग्रजांनी नेले. मूर्तीही विलायतेला जाणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा उरकून घेतली. हकिकतीत मीठमसाला असेल, पण भीती खोटी म्हणता येत नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा असला तरी 1853 पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. शिवाय ब्रिटिश मुलखात 1878 चा गुप्तधनाचा कायदा लागू होता. जमिनीत सापडलेली वस्तू सरकारला हवी असेल, तर तिच्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येई. मालाची किंमत! दगडाच्या देवाला त्या हिशेबाने काय मिळाले असते, हे सांगायला नको. पूजेतला देव उचलणे मात्र कोणत्याही साहेबाला जड गेले असते, आणि गावाने नेमके ते ओळखले.

बालाजी म्हटले तरी हे तिरुपतीचे रूप नव्हे. तिरुपतीच्या देवाच्या हाती गदा-पद्म नाहीत, एक हात वरदान देणारा आणि एक कमरेशी टेकलेला आहे. मेहकरच्या मूर्तीत चारही आयुधे आहेत. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक आयुधांच्या क्रमावरून तिला विष्णूच्या चोवीस रूपांपैकी त्रिविक्रम म्हणतात : खालच्या उजव्या हातात पद्म, मग वर गदा, पलीकडे चक्र आणि खाली शंख. गावाचे माहात्म्य वेगळेच आहे. मेघंकर दैत्याला शारंगधराने मारले, म्हणून हा शारंगधर, जरी हातात शार्ङ्ग धनुष्य नसले तरी. भाविकाला क्रमाशी देणेघेणे नाही, आणि असावे असेही नाही.

मला जास्त छळते ते लोणार. मेहकरहून तासाभरात गाठता येणाऱ्या त्या गावी दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ उभे आहे, भिंतीवर शिल्पांची दाटी. पण गाभाऱ्यातली मूळ मूर्ती गेली. आता पूजेत असलेली नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. मेहकरात नेमके उलटे. मूर्ती अखंड राहिली, पण तिच्याभोवतीचे जुने देऊळ, कोणी केले ते सांगणारा शिलालेख, सगळे सुटले. जुन्या वास्तूंपैकी खांबांची दगडी धर्मशाळा उरली आहे.

दोन्ही गावे एका दिवसात होतात. आधी लोणार करावे. दैत्यसूदनाच्या भिंतीवरचे दागिने, मुकुट आणि कमरपट्टे डोळ्यांत ठेवून मग मेहकरला यावे, आणि अलंकार चढण्याआधी, सकाळच्या अभिषेकाच्या वेळी, शारंगधर पाहावा.