परक्या कंपनीच्या फोनशी न जुळणारे इअरबड्स

एका कंपनीचे बिनतारी इअरबड्स दुसऱ्या कंपनीच्या फोनला जोडता आले नाहीत की ‘कंपनी वेगळी, म्हणून चालत नाही’ असा निष्कर्ष ग्राहक चटकन काढतो आणि पुष्कळदा दुकानदारही त्याला मान डोलावतो. परंतु ज्या तंत्रावर हे इअरबड्स चालतात, त्याचा जन्मच मुळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना परस्परांशी बोलता यावे यासाठी झालेला आहे. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ब्लूटूथ स्पेशल इंटरेस्ट ग्रुप’ ही संस्था स्थापन केली आणि तेव्हापासून ब्लूटूथचे नियम ही संस्थाच ठरवत आली आहे. कोणत्या कामासाठी दोन उपकरणांनी कोणत्या पद्धतीने संवाद साधायचा, याचे जे नमुने या नियमांत घालून दिलेले आहेत, त्यांना ‘प्रोफाइल’ म्हणतात. संगीतासाठी एटूडीपी आणि फोनवरील संभाषणासाठी एचएफपी ही प्रोफाइल आजच्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि इअरबड्समध्ये असतात. त्यामुळे ॲपलचे एअरपॉड्स अँड्रॉइड फोनवर किंवा सॅमसंगचे बड्स आयफोनवर वाजणे हा अपवाद नसून नियम आहे. जोडणी अडते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी: इअरबड्सच्या स्मृतीत साठलेल्या जुन्या नोंदींमध्ये, आणि प्रत्येक कंपनीने ब्लूटूथवर चढवलेल्या स्वतःच्या सोयींच्या थरामध्ये.

यातील पहिली गोष्ट समजण्यासाठी ‘पेअर होणे’ आणि ‘कनेक्ट होणे’ या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते. पेअर होणे म्हणजे दोन उपकरणांची पहिली ओळख. या वेळी दोन्ही मिळून १२८ बिटांची एक गुप्त संख्या तयार करतात, तिला ‘लिंक की’ म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंच्या स्मृतीत कायमची नोंदवली जाते. त्यानंतर दर वेळी होते ते केवळ कनेक्शन, ज्यात जुनी लिंक की तपासून पाहिली जाते आणि वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. इअरबड्सची डबी उघडताच ते आपण होऊन फोनला जोडले जातात ते याच कारणाने. मात्र याच सोयीमुळे नव्या फोनची पंचाईत होते, कारण डबी उघडल्यावर बरेचसे इअरबड्स सर्वप्रथम शेवटच्या ओळखीच्या उपकरणाचा शोध घेतात आणि तोपर्यंत अनोळखी फोनच्या हाकेला उत्तरच देत नाहीत. अनोळखी उपकरणाला उत्तर देण्याची जी स्वतंत्र अवस्था आहे, तिला ‘पेअरिंग मोड’ म्हणतात आणि ती बहुधा मुद्दाम सुरू करावी लागते. फोनच्या बाजूनेही अशीच अट आहे: नव्या उपकरणाचा शोध साधारणतः ब्लूटूथ सेटिंग्जमधील ‘नवीन डिव्हाइस जोडा’ हा पडदा उघडा असेपर्यंतच चालतो, आणि पारंपरिक ब्लूटूथमध्ये अशा एका पूर्ण शोधाला १०.२४ सेकंद लागू शकतात. दोन-तीन सेकंदांत नाव दिसले नाही म्हणून पडदा बंद करणारा माणूस शोध अर्ध्यावर तोडत असतो.

दुसरा थर अलीकडचा आहे. २०१६ मध्ये ॲपलने एअरपॉड्स बाजारात आणले तेव्हा त्यांत डब्ल्यू१ ही स्वतःची चिप बसवली आणि आयफोनजवळ डबी उघडताच पडद्यावर चित्र झळकून एका स्पर्शात जोडणी व्हावी, अशी व्यवस्था केली. पाठोपाठ २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ‘फास्ट पेअर’ आणले. त्यात इअरबड्स कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरून आपल्या मॉडेलचा क्रमांक प्रसारित करतात, फोन तो गूगलच्या सर्व्हरकडे पाठवून नाव व चित्र मिळवतो आणि मग सूचना दाखवतो. एवढेच नव्हे, तर ही ओळख वापरणाऱ्याच्या गूगल खात्याशी जोडून ठेवतो, जेणेकरून त्याच खात्यावरील दुसऱ्या उपकरणालाही ती मिळावी. या सोयी उत्तम आहेत, पण त्या ब्लूटूथच्या सर्वमान्य नियमांचा भाग नाहीत. आयफोनला फास्ट पेअरची हाक कळत नाही आणि अँड्रॉइड फोन एअरपॉड्सची खास हाक ऐकूनही तिकडे दुर्लक्ष करतो. डबी उघडली, चित्र झळकले नाही, म्हणजे इअरबड्स बिघडले, असा जो समज होतो तो या सवयीचा परिणाम आहे. कंपन्यांनी जोडणी इतकी सोपी करून ठेवली की ती हाताने कशी करायची, हे सांगण्याची गरजच त्यांना उरली नाही.

एअरपॉड्सचेच उदाहरण घेतले तर हाताने करायची कृती फारशी अवघड नाही. दोन्ही बड्स डबीत ठेवून झाकण उघडे ठेवावे, डबीच्या पाठीमागचे बटण सुमारे पाच सेकंद, म्हणजे दिवा पांढरा लुकलुकू लागेपर्यंत, दाबून धरावे आणि मग अँड्रॉइड फोनच्या यादीत नाव शोधून त्यावर स्पर्श करावा. एअरपॉड्स ४ च्या डबीला हे बटणच नाही. तिथे झाकण उघडे ठेवून डबीच्या पुढच्या बाजूवर दोनदा टिचकी मारावी लागते. अन्य कंपन्यांची पद्धत मॉडेलगणिक बदलते, कुठे डबीवरचे बटण असते तर कुठे दोन्ही बड्सच्या स्पर्शपट्ट्या एकाच वेळी दाबून धराव्या लागतात, म्हणून खोक्यातली घडीपत्रिका टाकून न देणे शहाणपणाचे ठरते.

पेअरिंग मोड सुरू करूनही नाव दिसत नसेल, तर इअरबड्स दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात नाहीत ना, हे पाहावे. घरात एकच जोडी अनेकांनी वापरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे; आईच्या फोनला, मुलाच्या लॅपटॉपला आणि क्वचित दिवाणखान्यातल्या टीव्हीलाही ती कधीतरी जोडलेली असते, आणि शेजारच्या खोलीत चालू असलेला लॅपटॉप तिला पहिल्या क्षणी ओढून घेतो. काही इअरबड्समध्ये ‘मल्टिपॉइंट’ म्हणजे एकाच वेळी दोन उपकरणांना जोडून राहण्याची सोय असते, पण त्या दोन्ही जागा भरलेल्या असतील तर तिसऱ्या फोनला दार बंदच राहते. जुन्या सर्व उपकरणांचे ब्लूटूथ काही वेळ बंद ठेवणे हा यावरचा अगदी साधा उपाय आहे आणि तो सर्वांत आधी करून पाहावा, कारण त्याने काही पुसले जात नाही.

याहून फसवा प्रकार अर्ध्या तुटलेल्या ओळखीचा आहे. लिंक की दोन्ही बाजूंना नोंदलेली असते, हे वर आलेच. आता इअरबड्स रीसेट झाले आणि फोनमधली नोंद मात्र तशीच राहिली, तर कुलूप बदलल्यावरही जुनीच किल्ली फिरवत बसावे तसा फोन प्रयत्न करत राहतो आणि तो फसतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन पिन किंवा पासकी चुकीची असल्याचा संदेश दाखवतो, आणि ज्याला मुळात कोणी पिन विचारलीच नाही तो वापरणारा चक्रावून जातो. ब्लूटूथच्या सुरुवातीच्या काळात खरोखरच ०००० किंवा १२३४ असे आकडे टाकावे लागत. २००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून पडदा किंवा कळा नसलेल्या उपकरणांसाठी ती गरज उरली नाही, पण संदेशाची भाषा मात्र जुन्या जमान्यातच राहिली. हा संदेश दिसल्यास ‘नोंदी जुळत नाहीत’ असा त्याचा अर्थ घ्यावा आणि दोन्हीकडच्या नोंदी पुसाव्यात: फोनच्या ब्लूटूथ यादीत इअरबड्सच्या नावापुढे जाऊन ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’ निवडावे, फोन एकदा बंद करून सुरू करावा, इअरबड्स कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने रीसेट करावेत आणि मगच नव्याने जोडणी करावी. बटण असलेल्या एअरपॉड्सच्या बाबतीत रीसेट म्हणजे बड्स डबीत ठेवून झाकण अर्धा मिनिट बंद ठेवणे, ते उघडून बटण सुमारे १५ सेकंद दाबणे आणि दिवा आधी पिवळसर व नंतर पांढरा लुकलुकण्याची वाट पाहणे. दोहोंपैकी एकच बाजू पुसली, तर काम अर्धेच होते.

रीसेट करताना आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे मळ. डबीतल्या बारीक धातूच्या टोकांवर घाम, धूळ आणि कानातला मळ साचला की एखाद्या बडला आपण डबीत आहोत हे कळतच नाही. तो चालूच राहतो, चार्ज होत नाही आणि रीसेटची आज्ञाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. परिणामी एक बड नव्या अवस्थेत, तर दुसरा जुन्या अवस्थेत राहतो. स्वस्त जोड्यांमध्ये असे झाले की फोनच्या यादीत डावा आणि उजवा अशी दोन वेगळी नावे दिसू लागतात, आणि त्यातल्या एकाला जोडले तर आवाज एकाच कानात येतो. कोरड्या, मऊ कापडाने किंवा कापसाच्या काडीने टोके पुसून, डबी पुरेशी चार्ज करून, दोन्ही बड्स एकत्र पुन्हा रीसेट करणे हाच यावरचा मार्ग आहे.

एकाच जोडीची दोन नावे दिसण्याचे दुसरेही कारण असते आणि ते दोष नव्हे. पुष्कळ इअरबड्स संगीतासाठी पारंपरिक ब्लूटूथ आणि ॲपशी बोलण्यासाठी कमी ऊर्जेचे ब्लूटूथ अशा दोन वाटा वापरतात. सोनीच्या काही मॉडेलांच्या बाबतीत यादीत मूळ नावाबरोबरच ‘एलई’ ही अक्षरे आधी लागलेले दुसरे नाव येते. या दुसऱ्या नावाला जोडले तर आवाजाची वाटच उघडत नाही. एलई नसलेले नाव निवडावे.

कंपनीच्या ॲपचा गोंधळही याच दोन वाटांमधून निर्माण होतो. गाणे व्यवस्थित ऐकू येत असते आणि ॲप मात्र ‘डिव्हाइस सापडले नाही’ म्हणते, तेव्हा जोडणी नव्हे तर परवानगी अडलेली असते. अँड्रॉइड १२ पासून ॲपला ‘जवळपासची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी लागते, आणि त्याआधीच्या कित्येक आवृत्त्यांमध्ये आसपासची उपकरणे शोधण्यासाठी स्थान, म्हणजे लोकेशन, पाहण्याची परवानगी द्यावी लागत असे. गाणी ऐकण्यासाठी ॲपला आपला ठावठिकाणा कशाला हवा, या रास्त शंकेने अनेकांनी ती नाकारलेली असते. ॲपखेरीजही इअरबड्स वाजतात, म्हणून आधी फोनच्या सेटिंग्जमधून जोडणी करून घ्यावी आणि ॲप नंतर उघडावे, हा क्रम सोयीचा पडतो.

काही कारणे उगाच बदनाम झालेली आहेत. इअरबड्स ब्लूटूथ ५.३ चे आणि फोन ४.२ चा, म्हणून ते जुळत नाहीत, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशी बोलू शकेल अशाच पद्धतीने तयार केलेली असते आणि फार तर नव्या सोयी मिळत नाहीत. कोडेकविषयीही असेच आहे. आवाजाची माहिती आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सोनीचा एलडॅक, क्वालकॉमचा एपीटीएक्स किंवा आयफोन वापरतो तो एएसी हे त्यांतले काही. दोन्ही बाजूंना एखादा खास कोडेक समान नसला तरी एसबीसी नावाचा मूलभूत कोडेक एटूडीपी असलेल्या प्रत्येक उपकरणात सक्तीचा आहे, त्यामुळे आवाजाचा दर्जा थोडा बदलेल, पण जोडणी अडणार नाही. शंका घ्यायचीच तर ती ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीवर घ्यावी. अलीकडच्या काही अँड्रॉइड फोनमध्ये इअरबड्सच्या तपशिलात तिचे वेगळे बटण असते, आणि जोडणी वारंवार तुटत असेल तर ते बंद करून पाहण्यात अर्थ आहे.

लहरींचा अडथळा हे कारण खरे असले तरी ते जोडणी होऊ न देण्यापेक्षा ती अधूनमधून तोडण्यास अधिक जबाबदार असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, जो भारतात परवानामुक्त आहे. वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्ट्याही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. पारंपरिक ब्लूटूथ ७९ उपवाहिन्यांमधून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत ही गर्दी चुकवते. जोडणी करताना फोन आणि इअरबड्स हातभर अंतरात ठेवले की बहुधा पुरते.

जोडणी झाल्यावरही परक्या फोनवर काही गोष्टी मिळत नाहीत. अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये एअरपॉड्सच्या प्रत्येक बडची व डबीची बॅटरी वेगवेगळी दिसत नाही, कानातून काढल्यावर गाणे आपोआप थांबत नाही आणि त्यांचे फर्मवेअर, म्हणजे आतले मूळ सॉफ्टवेअर, ताजे करण्यासाठी ॲपलचेच उपकरण लागते. हे बिघाड नाहीत. ते व्यापारी निर्णय आहेत, आणि त्यावरून आता कायद्याच्या पातळीवर वाद सुरू झाला आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली दिलेल्या आदेशात, आयफोनजवळ येताच होणारी सुलभ जोडणी आणि एका उपकरणावरून दुसऱ्यावर आवाज आपोआप वळवण्याची सोय इतर कंपन्यांच्या उपकरणांनाही उपलब्ध करून द्यावी, असे ॲपलला बजावले, आणि ॲपलने त्याला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले. या आदेशाची कक्षा युरोपीय संघापुरती असल्याने भारतातील ग्राहकाला अजून तरी हातानेच जोडणी करावी लागते.

वरील सर्व उपाय थकले, तर दुरुस्ती केंद्रात जाण्यापूर्वी तेच इअरबड्स तिसऱ्याच एखाद्या फोनला आणि त्याच फोनला दुसरेच एखादे इअरबड्स जोडून पाहावेत. इअरबड्स तिसऱ्या फोनला जुळले, तर खोट मूळ फोनमध्ये आहे आणि अँड्रॉइडवर वायफाय व ब्लूटूथच्या सेटिंग्ज रीसेट करणे ही पुढची पायरी ठरते, अर्थात त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि इतर सर्व जोडण्याही पुसल्या जातात, याची तयारी ठेवून. ते कोणत्याच फोनला जुळत नसतील, तर वॉरंटीची मुदत आणि खरेदीची पावती शोधावी.